रक्तक्षय व त्याचीं कारणें



आमच्या वर्गांत मागच्या बांकावर बसणारी एक मुलगी दुपारच्या तासाला नेहमीं पेंगत असे. खेळाच्या तासाला ती मैदानाच्या कडेला चिंचेखालीं बसून राही. पळावयास सांगितलें कीं "धाप लागते" म्हणे. आम्हीं तिला आळशी ठरविलें. एकदां तर साऱ्या वर्गासमक्ष उभें करून तिला चार कठोर शब्दही सुनावले. पुढें शाळेंत आरोग्यतपासणी झाली, प्रत्येकाच्या बोटांतून रक्ताचा एकेक थेंब घेण्यांत आला, आणि त्या मुलीच्या रक्तांत हिमोग्लोबिन अवघें सात ग्रॅम आहे असें निघालें. तिच्या वयास तें निदान बारा तरी असावयास हवें. जिच्या रक्तांत प्राणवायु वाहून नेण्याचें बळच उरलें नव्हतें, तिला आम्ही धांवावयास सांगत होतों! त्या दिवशीं आम्हांस जी लाज वाटली, तिच्यामुळेंच हा लेख लिहावयास घेतला आहे.

त्याच तपासणींत आणखी तीन मुलें फिकट निघालीं. चौघांचे चेहरे सारखेच निस्तेज, चौघांची तक्रारही थोडीबहुत एकच, आणि चौघांच्याही घरीं शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं एकच उपाय सांगितलेला: "बीट खा, गूळ खा, रक्त वाढेल." परंतु डॉक्टरांनीं पुढें शोध घेतला तेव्हां चौघांच्या फिकटपणाचीं कारणें चार निघालीं, आणि एकाचें औषध दुसऱ्यास लागू पडणारें नव्हतें. नांवें सांगण्याचें कांहींच कारण नाहीं. त्या चार कारणांची ओळख मात्र आमच्या पालघर-बोईसर-तारापुराकडील प्रत्येक घरास असावी असें आम्हांस वाटतें.

रक्त कशाचें बनतें?

रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं धरला तर त्यांत असंख्य तांबड्या पेशी तरंगतांना दिसतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत त्या सुमारें ५० लक्ष असतात. आकारानें प्रत्येक पेशी दोन्ही बाजूंनीं मधोमध दाबलेल्या गोल वडीसारखी असते. तिच्यांत हिमोग्लोबिन नांवाचें तांबडें द्रव्य भरलेलें असतें. तें लोह व प्रथिन यांच्या संयोगानें बनतें. फुप्फुसांत प्राणवायु उचलावा आणि मेंदू, स्नायु, हृदय अशा सर्व अवयवांस तो नेऊन पोंचवावा, हें त्याचें काम. या पेशी हाडांच्या पोकळींतील मज्जेंत जन्मतात, सुमारें १२० दिवस जगतात, आणि मग प्लीहेंत व यकृतांत मोडल्या जातात. मोडलेल्या पेशींतील लोह शरीर वायां जाऊं देत नाहीं. तें पुन्हा मज्जेकडे पाठविलें जातें.

दर १०० मिलिलिटर रक्तांत हिमोग्लोबिन किती असावें याचें प्रमाण ठरलेलें आहे. पांच ते अकरा वर्षांच्या मुलांत तें निदान ११.५ ग्रॅम, बारा ते चौदा वर्षांच्या मुलांत १२, प्रौढ स्त्रियांत १२, गरोदर स्त्रियांत ११, व प्रौढ पुरुषांत १३ असावें. याहून कमी भरलें म्हणजे त्यास रक्तक्षय म्हणावयाचें. आपल्या देशांत २०१९ ते २०२१ या काळांत जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तिच्यांत १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकीं ५७ व पांच वर्षांखालील दर १०० मुलांपैकीं ६७ रक्तक्षयी आढळलीं. पुरुषांचें प्रमाण शेंकडा २५ होतें. महाराष्ट्रांतही निम्म्याहून अधिक स्त्रिया या यादींत आहेत. म्हणजे ही गोष्ट एखाद्या दुर्दैवी घराची नसून जवळजवळ घरोघरची आहे.

आतां कारणांकडे वळूं. आपल्या घरांतील भाताच्या कणगीचें उदाहरण घ्या. कणगी तीन प्रकारें रिकामी होते: शेतांतून धान्यच कमी येतें; किंवा तळाशीं भोंक पडून तें गळून जातें; किंवा आंत कीड लागून तें नासतें. रक्ताचेंही तसेंच. एक तर तें तयारच कमी होतें, किंवा शरीराबाहेर वाहून जातें, किंवा पेशी वेळेपूर्वींच नाश पावतात. रक्तक्षयाचा कोणताही प्रकार घ्या, तो या तिहींपैकीं कोठें तरी बसतो. भोंक तसेंच ठेवून वरून धान्य ओतीत राहणारा शेतकरी जसा शहाणा नव्हे, तसाच कारण न शोधतां केवळ "शक्तीचें औषध" पाजणाराही शहाणा नव्हे.

पहिलें कारण: लोहाची उणीव

सर्वांत अधिक आढळणारें कारण हेंच. मोठ्या माणसाच्या सर्व शरीरांत मिळून लोह असतें अवघें तीन-चार ग्रॅम, म्हणजे एखाद्या लहानशा खिळ्याइतकें. पण तेवढ्यावांचून हिमोग्लोबिन बनत नाहीं. वाढीच्या वयांत शरीरास लोह अधिक लागतें. मुलींना मासिक धर्म सुरू झाला म्हणजे दर महिन्यास कांहीं लोह रक्तावाटें जातें. गरोदर स्त्रीस तर स्वतःचें व पोटांतील बाळाचें असें दोघांचें रक्त घडवावें लागतें. मागणी अशी वाढत असतां ताटांत मात्र पांढरा भात, पातळ डाळ आणि लोणच्याची फोड एवढेंच असेल तर उणीव पडणारच. त्यांतही कित्येक घरांत आई सर्वांच्या मागून जेवते आणि उरेल तें खाते. ज्यांना लोह सर्वांत अधिक हवें त्यांच्या वांट्याला तें सर्वांत कमी येतें, हा आपल्या घरांतील उलटा न्याय होय.

लोह कमी झालें कीं चेहरा व डोळ्यांच्या आंतील बाजू फिकट होतात, जिना चढतांना छाती धडधडते, नखें चपटीं व ठिसूळ होतात, अभ्यासांत लक्ष लागत नाहीं. आणखी एक चमत्कारिक लक्षण आहे. अशा कित्येकांस माती, राख, भिंतीचा पोपडा किंवा पाटीवरची पेन्सिल खाण्याची अनावर इच्छा होते. चरकसंहितेंत पांडुरोगाचे जे पांच प्रकार सांगितले आहेत, त्यांत माती खाण्यापासून होणारा असा एक प्रकार आहे. म्हणजे माती व फिकटपणा यांचा संबंध आपल्या पूर्वजांच्याही नजरेस आला होता. मुलांनो, तुमचा सोबती पेन्सिल खातांना दिसला तर त्याची थट्टा करूं नका. त्याच्या घरीं सांगा. तो खोडकर नसून आजारी असण्याचा संभव आहे.

मग खावें काय? बिटाचा रंग तांबडा म्हणून तें रक्त वाढवितें, ही केवळ रंगावरून झालेली समजूत आहे. बिटांत लोह थोडेंच असतें. गुळांतील लोहाचें प्रमाणही कमीअधिक असतें. त्यावर विसंबून राहतां येत नाहीं. आपल्या भागांत याहून चांगलीं साधनें आहेत. सातपाटी, मुरबे, दांडी, तारापूर, चिंचणी या किनाऱ्यावरील गांवांत सुकट, जवळा, तिसऱ्या, कालवें सहज मिळतात. मासळी व मांस यांतील लोह शरीरांत अधिक सुलभतेनें शोषलें जातें. यकृत म्हणजे कलेजी ही तर लोहाची खाणच. जे मांसाहार करीत नाहींत त्यांनीं चवळी, मटकी, हरभरा, नाचणी, बाजरी, शेवग्याचा पाला, माठ, पावसाळ्यांतील टाकळा यांचा उपयोग करावा. वनस्पतींतील लोह अंगीं लागणें कठीण असतें. म्हणून त्यासोबत लिंबू, आंवळा, पेरू असें आंबट फळ अवश्य घ्यावें. त्यांतील सी जीवनसत्त्व लोहाचें शोषण वाढवितें. उलट चहांतील द्रव्यें लोहास अडवितात. जेवणाला लागूनच चहा पिण्याची जी संवय आपल्याकडे पडली आहे, ती सोडून चहा व जेवण यांत तास-दीड तासाचें अंतर ठेवावें. लोखंडी कढईंत भाजी शिजविण्याची आजीची रीत चांगली होती. तीही पुन्हा चालू करावी.

शाळेंत दर आठवड्यास तुम्हांस निळी गोळी मिळते. तिच्यांत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असतें. पुष्कळ मुलें ती खिशांत घालतात आणि शाळेबाहेर फेंकून देतात, हें आम्ही जाणून आहों. ती उपाशीपोटीं घेतली तर मळमळतें, म्हणून जेवणानंतर पाण्याबरोबर घ्यावी. तिनें शौचास काळें होतें, त्यास भिऊं नये. तो लोहाचाच रंग आहे.

दुसरें कारण: पोटांतील अंकुशकृमि

मागच्या बांकावरील त्या मुलीस लोह कमी होतें हें खरें. पण तें कमी कां झालें? ती मिळेल तें सर्व खात होती. डॉक्टरांनीं तिच्या शौचाची तपासणी करविली तेव्हां अंकुशकृमींचीं अंडीं आढळलीं. म्हणजे तिच्या कणगीस तळाशीं भोंक होतें.

हा कृमि सुमारें एक सेंटिमीटर लांबीचा असतो. तो आंतड्याच्या आंतील बाजूस तोंडानें घट्ट चिकटून राहतो व रक्त शोषितो. एक कृमि नेतो तें रक्त थोडेंच. परंतु शंभर कृमि असले तर त्यांच्या जातीप्रमाणें रोज अर्ध्या चमच्यापासून तीन-चार चमच्यांपर्यंत रक्त जातें. महिनोन्‌महिने असें चाललें तर कोणतें शरीर टिकेल? युरोपांत आल्प्स पर्वताखालून सेंट गोटहार्डचा बोगदा १८७२ ते १८८२ या काळांत खणला गेला. तेथील शेंकडों मजूर पांढरेफटक पडूं लागले, तेव्हां १८८० सालीं इटालियन शास्त्रज्ञांनीं त्याचें कारण हाच कृमि असल्याचें दाखविलें. तो पोटांत जातो कसा हें कोडें मात्र पुढें मिसर देशांत सुटलें. आर्थर लूस नांवाच्या शास्त्रज्ञाच्या हातावर प्रयोगाचें कृमियुक्त पाणी सांडलें, त्या जागीं खाज सुटली, आणि कांहीं काळानें त्याच्याच शौचांत कृमींचीं अंडीं दिसूं लागलीं. कातडींतून कृमि शरीरांत शिरतो, हें अशा रीतीनें कळून आलें.

आतां आपल्या गांवाकडे पाहा. उघड्यावर शौचास बसणें, पावसानें भिजलेली उबदार जमीन, आणि तिच्यावर अनवाणी फिरणें, हीं तीन जेथें एकत्र येतात तेथें अंकुशकृमीस राज्य मिळतें. आवणांत व लावणीच्या वेळीं चिखलांत अनवाणी उभें राहणाऱ्या आमच्या शेतकरी बांधवांस, आणि दिवाळीनंतर कुटुंबासह वीटभट्टीवर जाणाऱ्या मजुरांच्या मुलांस त्याचा धोका अधिक. उपाय अवघड नाहींत: शौचकूपाचा वापर, पायांत चप्पल, जेवणापूर्वीं साबणानें धुतलेले हात, आणि वर्षांतून दोनदां जंतांची गोळी. २०१५ सालापासून शाळांतून व अंगणवाड्यांतून जंतनाशक दिन पाळला जातो व अल्बेंडाझोल नांवाची गोळी मोफत दिली जाते. त्या मुलीस ही गोळी व तीन-चार महिने लोह देतांच तिच्या चेहऱ्यावर रंग चढूं लागला.

तिसरें कारण: फोलिक आम्ल व बी-बारा यांची उणीव

या प्रकाराचा इतिहास आपल्या अगदीं शेजारीं, मुंबईस घडला आहे. १९२८ सालीं ल्यूसी विल्स नांवाची इंग्रज स्त्री-डॉक्टर मुंबईस आली. गिरणगांवांतील मजूर-कुटुंबांतल्या गरोदर स्त्रिया एका तीव्र रक्तक्षयानें पीडित होत व कित्येक दगावत. परळच्या हाफकिन संस्थेंत तिनें संशोधन चालविलें. या स्त्रियांच्या रक्तपेशी लोहाच्या उणीवेंत होतात तशा लहान नसून उलट मोठ्या, अवाढव्य होत्या. रोगजंतूंचा शोध घेऊन झाला, कांहीं सांपडेना. मग तिनें त्यांच्या आहाराकडे लक्ष वळविलें. तसाच निकस आहार प्राण्यांस देऊन पाहिला, तेव्हां त्यांनाही रक्तक्षय झाला. आणि यीस्टचा स्वस्त अर्क देतांच तो बरा होऊं लागला. हाच अर्क रुग्ण स्त्रियांस देऊन तिनें १९३१ सालीं आपला शोध प्रसिद्ध केला. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य पुढें १९४१ सालीं पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें. पानास लॅटिन भाषेंत "फोलियम" म्हणतात, त्यावरून त्यास फोलिक आम्ल हें नांव पडलें. १९४५ सालीं अमेरिकेंत तें प्रयोगशाळेंत तयार करणाऱ्या मंडळाचे प्रमुख येल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रांत जन्मलेले भारतीयच होते. गिरणगांवांतील गरीब मातांच्या दुःखांतून निघालेलें हें औषध आज जगभर गरोदर स्त्रियांस दिलें जातें, ही गोष्ट प्रत्येक महाराष्ट्रीय मुलानें लक्षांत ठेवावी.

फोलिक आम्लाचें जोडीदार म्हणजे बी-बारा जीवनसत्त्व. १९२६ सालीं मायनॉट व मर्फी यांनीं यकृत खावयास देऊन एक असाध्य मानला गेलेला रक्तक्षय बरा केला. या कार्याबद्दल त्यांस व व्हिपल यांस १९३४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. यकृतांतील तें द्रव्य म्हणजे बी-बारा, असें १९४८ सालीं निश्चित झालें. हें जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाहीं. मासळी, मांस, अंडीं व दूध यांतच मिळतें. आमच्या चौघांपैकीं दुसरी मुलगी खाऊनपिऊन सुखी अशा शाकाहारी घरांतील होती. तिला दूध आवडत नसे, ताक-दहीं ती शिवत नसे. तिच्या हातापायांस मुंग्या येत, जीभ गुळगुळीत लाल झाली होती. घरांत कशाचीही कमतरता नसतां आपल्या मुलीस रक्तक्षय कसा होईल, असें तिच्या वडिलांस वाटे. तेव्हां पालकहो, रक्तक्षय हा केवळ गरिबीचा रोग आहे असें समजूं नका. बी-बाराची उणीव फार दिवस तशीच राहिली तर मज्जातंतूंस इजा होते, ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी.

चौथें कारण: विळ्याच्या आकाराच्या पेशी

तिसरा विद्यार्थी वारंवार गैरहजर राही. त्याचे सांधे दुखत, हाडें ठणकत, डोळे पिवळसर दिसत. घरच्यांनीं वात समजून तेलें लाविलीं, कोणी बाहेरची बाधाही सांगितली. तपासणींत निघालें तें निराळेंच: सिकलसेल.

या विकारांत हिमोग्लोबिनाच्या घडणींतच एक बारीकसा दोष असतो. प्राणवायु कमी झाला कीं पेशींतील हिमोग्लोबिन ताठ होतें आणि गोल पेशी गवत कापण्याच्या विळ्यासारखी वांकडी होते. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळें असह्य वेदना होतात. निरोगी पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांतच मोडते. म्हणून रक्त कमी पडतें. १९१० सालीं शिकागोच्या हेरिक या डॉक्टरानें अशा पेशींचें वर्णन प्रथम प्रसिद्ध केलें. भारतांत १९५२ सालीं निलगिरीच्या आदिवासींत त्या आढळल्या. आज महाराष्ट्रांत भिल्ल, पावरा, गोंड, माडिया यांच्यांत, आपल्या जिल्ह्याच्या आदिवासी समाजांत, तसेंच इतरही कित्येक समाजांत हा विकार सांपडतो.

यांत कोणत्याही जातीस कमीपणा नाहीं. ज्या प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या हिंवताप होता, त्याच प्रदेशांत हा गुण टिकून राहिला. एकाच पालकाकडून तो मिळालेला वाहक हिंवतापाच्या घातक प्रकारापासून बराचसा बचावतो, हें अँथनी ॲलिसन यांनीं १९५४ सालीं दाखवून दिलें. वाहकास स्वतःस बहुधा कसलाही त्रास होत नाहीं. त्रास होतो तो दोन्ही पालकांकडून दोष मिळालेल्या मुलास.

हें गणित चिंचोक्यांनीं समजून घेऊं. चिंचोके फोडून त्यांच्या डाळी तुम्ही फांशांसारख्या खेळतां, एक बाजू काळी, एक पांढरी. आईची एक डाळ व वडिलांची एक डाळ घ्या. दोघेही वाहक असतील तर काळी बाजू म्हणजे दोष आणि पांढरी म्हणजे निर्दोष असें माना, व दोन्ही डाळी टाका. चारांत सरासरी एकदां दोन्ही पांढऱ्या पडतील: मूल निर्दोष. दोनदां एक काळी, एक पांढरी: मूल वाहक. एकदां दोन्ही काळ्या: मूल आजारी. प्रत्येक बाळंतपणीं दान नव्यानें पडतें. पहिलीं तीन मुलें चांगलीं निघालीं म्हणून चौथ्याचें दान बदलत नाहीं, आणि पहिलें आजारी निघालें म्हणून पुढचीं तीन सुरक्षित ठरत नाहींत. परंतु दोघांपैकीं एकजण पूर्ण निर्दोष असेल तर कोणतेंही मूल या रोगानें आजारी होणार नाहीं. म्हणून विवाहापूर्वीं पत्रिका पाहणाऱ्यांनीं रक्ताची ही पत्रिकाही पाहावी. वाहक असणें हा लग्नास अडथळा नव्हे. दोन वाहकांनीं मात्र डॉक्टरांचा सल्ला घेऊनच पाऊल टाकावें. १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहडोल येथें सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटि लोकांची तपासणी करणें हें तिचें एक उद्दिष्ट आहे.

आजारी मुलानें पाणी भरपूर प्यावें, थंडींत भिजूं नये, अतिश्रम टाळावे, ताप आल्यास घरीं बसूं नये, आणि डॉक्टर देतील तें हायड्रॉक्सियुरिया व फोलिक आम्ल नियमानें घ्यावें. लोहाची उणीव सिद्ध झाल्यावांचून लोहाच्या गोळ्यांनीं या रोगास उतार पडत नाहीं. आमच्या त्या विद्यार्थ्यास आतां वर्गांत केव्हांही पाणी पिण्याची मुभा आहे. तो गैरहजर राहिला तर त्याचे सोबती त्याला उणें बोलत नाहींत. त्याच्या वह्या पुऱ्या करून देतात. त्याच्या धाकट्या बहिणीचीही तपासणी झाली. ती वाहक निघाली. तिचे वडील आम्हांस म्हणाले, "गुरुजी, हें आधीं कोणी सांगितलें असतें तर पोराला उगाच कोठें कोठें फिरवलें नसतें." त्या वाक्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

पांचवें कारण: थॅलसीमिया

हाही जन्मजात दोष. १९२५ सालीं अमेरिकेंत कूली या डॉक्टरानें त्याचें वर्णन केलें. भूमध्य समुद्राच्या कांठच्या लोकांत तो विशेष आढळला, म्हणून समुद्र या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास हें नांव मिळालें. यांत हिमोग्लोबिनाचा एक भाग पुरेसा तयारच होत नाहीं. आपल्याकडे सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत त्याचें प्रमाण अधिक असलें तरी तो कोणत्याही समाजांत असूं शकतो. दोन्ही पालकांकडून दोष आला तर मुलास दर तीन-चार आठवड्यांनीं रक्त द्यावें लागतें, आणि त्या रक्तांतील लोह सांचून हृदय व यकृत बिघडूं नये म्हणून निराळें औषध द्यावें लागतें.

चौथा विद्यार्थी अशा रोगाचा केवळ वाहक होता. वाहकाच्या पेशी लोहाच्या उणीवेंतल्याप्रमाणेंच लहान दिसतात. त्यामुळें त्याला वर्षभर लोहाच्या बाटल्या पाजण्यांत आल्या होत्या. आकडा कांहीं केल्या वाढेना, म्हणून घरचे घाबरले होते. हिमोग्लोबिनाचे प्रकार मोजणारी तपासणी झाली तेव्हां उलगडा झाला: मुलगा धडधाकट आहे, त्यास लोहाची गरज नाहीं, मात्र लग्नापूर्वीं त्यानें ही गोष्ट विसरतां कामा नये.

इतर कारणें

हिंवतापाचे जंतु तांबड्या पेशींतच वाढतात व त्या फोडून बाहेर पडतात, त्यामुळें रक्त झपाट्यानें कमी होतें. डास हा हिंवतापाचा वाहक असल्याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांस २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबादेस मिळाला. पाणी सांचूं न देणें व मच्छरदाणी लावणें, हेही म्हणून रक्त वाढविण्याचेच उपाय समजावे. कांहीं माणसांत जी-सिक्स-पी-डी नांवाच्या विकराची जन्मतः उणीव असते. त्यांच्या पेशी हिंवतापावरील प्रायमाक्वीनसारख्या औषधानें फुटूं शकतात. म्हणून असें औषध वैद्यकीय सल्ल्यानेंच घ्यावें. मूळव्याध, जठरांतील व्रण, वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक यांमुळें नकळत रक्त जातें. प्रौढ पुरुषास रक्तक्षय झाला तर तें कोठून जात आहे याचा शोध घेतलाच पाहिजे. क्षय व मूत्रपिंडाचे जुने विकार यांतही रक्त घटतें.

क्वचित्‌ मज्जाच काम सोडते. कांहीं औषधें, कांहीं विषाणु, बेंझीनसारखीं रसायनें, किंवा किरणोत्सर्गाची मोठी मात्रा हीं त्याचीं कारणें असूं शकतात. रेडियमचा शोध लावणाऱ्या मारी क्यूरी १९३४ सालीं अशाच रक्तक्षयानें वारल्या. त्या काळीं किरणांपासून जपण्याचे नियम पुरते ठाऊक नव्हते. तारापूरचें अणुवीजकेंद्र १९६९ सालीं सुरू झालें. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांस पुढें अशा केंद्रांत वा रसायनांच्या कारखान्यांत काम करावयाचें आहे. त्यांनीं मात्रा मोजण्याची पट्टी, हातमोजे, मुखवटा यांचे नियम कंटाळा न करतां पाळावे, एवढेंच येथें सांगतों.

पालकांस विनंती

मूल फिकट दिसलें, लौकर थकूं लागलें, तर प्रथम त्याच्या रक्ताची तपासणी करून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रांत ती होते. आकडा कमी निघाल्यावर तेवढ्यावर थांबूं नका, "कमी कां?" हा प्रश्न डॉक्टरांस अवश्य विचारा. लोह सुरू केल्यास आकडा भरल्यानंतरही, डॉक्टर सांगतील तितके महिने तें चालू ठेवा, म्हणजे शरीरांतील सांठा भरून निघेल. आकडा जर महिन्याभरांत वाढलाच नाहीं, तर कारण दुसरें असावें असें समजून पुढील तपासणी करा. सिकलसेल वा थॅलसीमिया निघाल्यास भावंडांचीही तपासणी करा व कागद जपून ठेवा. मुलींना व त्यांच्या आईला ताटांत बरोबरीचा वांटा द्या.

शिक्षकांस काय सांगावें? जें आम्हांस उशिरां कळलें तेंच. पेंगणाऱ्या मुलास आळशी म्हणण्यापूर्वीं त्याच्या डोळ्याची खालची पापणी जरा ओढून पाहावी.

यंदाच्या क्रीडामहोत्सवांत ती मागच्या बांकावरील मुलगी शंभर मीटरच्या शर्यतींत उतरली. तिला कोणतेंही बक्षीस मिळालें नाहीं. ती पांचवी आली. पण ती शेवटपर्यंत धांवली, आणि रेषेपलीकडे पोंचल्यावर चिंचेखालीं न बसतां मैत्रिणींबरोबर हंसत उभी राहिली. आम्हीं तिची क्षमा मागितली तेव्हां ती लाजून एवढेंच म्हणाली, "गुरुजी, मलाही वाटे कीं मी आळशीच आहें." मुलांनो, तुमच्यापैकीं कोणासही स्वतःविषयीं असें खोटें वाटत राहूं नये, एवढ्यासाठींच रक्ताच्या एका थेंबाची ही सारी कथा आम्हीं तुम्हांस सांगितली.